प्री-मेडचे विज्ञान विषय कम्युनिटी कॉलेजमध्ये कसे करावेत

अमेरिकेत एमडी ही डॉक्टर होण्याची मूळ पदवी असून तिच्या प्रवेशासाठीच्या पूर्वतयारीला प्री-मेड म्हणतात. या प्रवेशासाठी आधीची पदवी कोणत्याही विषयातील चालते. मात्र बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांना जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह, तसेच बऱ्याच ठिकाणी जीवरसायनशास्त्र झालेले हवे असते. यांतील बहुतेक विषय कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे प्रामुख्याने दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणाऱ्या स्थानिक महाविद्यालयात, पुष्कळ कमी शुल्कात करता येतात. तेथील गुण काही वैद्यकीय महाविद्यालये निःशंकपणे स्वीकारतात, काही स्वीकारतात पण चार वर्षांच्या विद्यापीठाला झुकते माप देतात. म्हणून नावनोंदणीपूर्वीच एएएमसी या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेची एमएसएआर ही प्रवेशाच्या अटींची सूची आणि प्रत्येक महाविद्यालयाचे संकेतस्थळ पाहावे व संदिग्धता राहिल्यास प्रवेश कार्यालयाकडून लेखी उत्तर मिळवावे.

सर्वाधिक नुकसान होते ते चुकीचा कोर्स निवडल्याने. रसायनशास्त्राचाच एक कोर्स नर्सिंगसाठी, दुसरा विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी आणि तिसरा विज्ञान शाखेसाठी असतो. यांपैकी तिसराच घ्यावा, आणि पुढे सेंद्रिय रसायनशास्त्राला बसण्यासाठी तो पुरेसा ठरतो का, हे कॅटलॉगमध्ये तपासावे. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचा कोर्स जीवशास्त्राच्या मूलभूत कोर्सची जागा सहसा घेऊ शकत नाही. एखाद्या विषयाची दोन्ही सत्रे शक्यतो एकाच कॉलेजात करावीत, कारण प्रकरणांची विभागणी सगळीकडे सारखी नसते आणि मध्येच कॉलेज बदलल्यास एखादा भाग शिकायचा राहून जातो.

जीवरसायनशास्त्र सहसा विद्यापीठातच करावे लागते. त्याच्या जोडीला जनुकशास्त्र किंवा पेशीजीवशास्त्रासारखे वरच्या पातळीचे कोर्स घेऊन त्यांत उत्तम श्रेणी मिळवावी. कम्युनिटी कॉलेजातील गुणांविषयीच्या शंकेला, माझ्या मते, याहून सबळ उत्तर नाही. एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा चांगला गुणांक, जो ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मोजला जातो, त्याला दुजोरा देतो.

एएमसीएएस या वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामाईक अर्जसेवेच्या अर्जात, जिथे जिथे शिकलात त्या प्रत्येक कॉलेजचे ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) द्यावे लागते, पुन्हा केलेल्या कोर्सच्या दोन्ही श्रेणी सरासरीत धरल्या जातात आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते. म्हणूनच, विशेषतः नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी, पहिल्या सत्रात प्रयोगशाळेचा एकच विषय घ्यावा. वर्ग लहान असल्याने प्राध्यापक विद्यार्थ्याला जवळून ओळखू लागतात; शिफारसपत्राची विनंती सत्र संपतानाच, त्यांच्या आठवणी ताज्या असताना करावी.