भंगार वेचताय? मग निदान या चुका तरी करू नका

"भंगारात किती सुटतात हो?" हा प्रश्न मला अधूनमधून कुणीतरी विचारतंच. मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न तयार असतो: "आणि तांबं कुठे सापडतं?" लोखंडाबद्दल कुणी विचारत नाही. पत्रे, डबे, गंजक्या सळया वाहून नेण्यात कुणाला रस नसतो, सगळ्यांना पहिल्याच दिवशी तांब्याचं वेटोळं हवं असतं.

मी बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी टाकाऊ धातू गोळा करतोय. घरखर्चाला हातभार लागतो, एवढं नक्की. मात्र दिवसभर उन्हात वेचून जे मिळतं, त्याच्या किती पट मिळणार हे संध्याकाळी घरी बसून निवडण्यावर ठरतं. नवीन माणूस नेमका तिथे कंटाळतो. मग त्याच त्या चुका होतात आणि तोच माणूस म्हणतो, "या धंद्यात काही राम नाही."

"चुंबक चिकटलं नाही, म्हणजे पितळ"

ही चूक मी स्वतः मन लावून केलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त बोलतो.

सुरुवातीच्या काळात एका घराची दुरुस्ती चालू होती. जुने नळ, शॉवरची तोंडं, दारांच्या मुठी, सगळं राडारोड्याच्या ढिगावर. मालकाला विचारलं तर म्हणाला, "न्या की, माझी तेवढीच कटकट कमी." नळ चकचकीत, हाताला जड, चुंबक लावलं तर ढिम्म. मी खूश. पुढे असे नळ जिथे दिसतील तिथून विचारून आणत गेलो आणि आठ महिने एकच पोतं भरत राहिलो. डोक्यात पितळेच्या भावाचा गुणाकार रोज चालू.

शेवटी पोतं भंगारवाल्यापुढे ओतलं. त्याने काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाजूची कानस उचलली, पहिल्या नळाच्या पोटावर एक हात फिरवला आणि नळ माझ्यापुढे धरला. मुलाम्याखाली राखाडी ओरखडा. दुसरा नळ, राखाडी. तिसरा पिवळा, चौथा पुन्हा राखाडी. पाच मिनिटांत दोन ढीग झाले. पिवळा एका घमेल्यात मावला, बाकी सगळं पोत्यात परत गेलं. "जस्त आहे हे," एवढंच बोलून तो पुढच्या माणसाकडे वळला.

झालं होतं असं. चुंबकाला चिकटणाऱ्या धातूंत रोज हाताशी येणारं म्हणजे लोखंड आणि पोलाद. निकेल आणि कोबाल्टही चिकटतात, पण ते सुटे कुठे सापडत नाहीत. बाकी तांबं, पितळ, अॅल्युमिनियम, जस्त, शिसं, सगळ्यांपुढे चुंबक सारखंच गप्प. म्हणजे चुंबक तुम्हाला 'हे लोखंड नाही' एवढंच सांगतं. काय आहे ते सांगत नाही. स्वस्तातले बरेच नळ आणि मुठी जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतलेल्या असतात, वर क्रोमचा मुलामा. हाताला दोन्ही जडच लागतात.

तेव्हापासून कानस माझ्या खिशात असते. प्रत्येक चकचकीत वस्तूला न दिसणाऱ्या जागी एक घासा. पिवळं दिसलं तर पितळ, लालसर दिसलं तर तांबं, राखाडी-पांढरं दिसलं तर थांबा आणि विचार करा. मुलामा पातळ असला तरी कडक असतो, त्यामुळे नखाने खरवडून 'पाहिलं मी' म्हणू नका. घासा खालच्या धातूपर्यंत पोचला पाहिजे.

तरीही शंका उरली तर पाण्याचा उपाय आहे. तुकडा दोऱ्याला बांधून ताणकाट्याला टांगा, वजन लिहा. मग तो तसाच टांगलेला असताना पाण्यात पूर्ण बुडवा, भांड्याला टेकू देऊ नका, आणि पुन्हा वजन लिहा. मूळ वजनाला घटलेल्या वजनाने भागा. पितळेचं उत्तर साडेआठच्या आसपास येतं, या जस्ताचं पावणेसातच्या आसपास, अॅल्युमिनियमचं 2.7, तांब्याचं जवळपास 9. उदाहरणार्थ 420 ग्रॅमचा पितळी तुकडा पाण्यात सुमारे 50 ग्रॅम हलका होतो, जस्ताचा 63. काटा बारीक वजन दाखवणारा हवा आणि तुकडा भरीव हवा. आत हवा किंवा प्लॅस्टिक अडकलं असेल तर उत्तर भलतंच येतं. मला हा उद्योग आवडतो. तुम्हाला आवडणार नाही, हेही माहीत आहे.

उलटी चूकही तितकीच होते. पितळी नळाच्या आतला स्क्रू लोखंडी असतो, चुंबक त्याला चिकटतं आणि घाईतला माणूस अख्खा नळ लोखंडात फेकतो. स्टेनलेस स्टीलचं तर आणखीच वेगळं. 304 जातीचं, म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेलवालं, चुंबकाला दाद देत नाही. 430 जातीत निकेल जवळजवळ नसतंच आणि ते चिकटतं. त्यात 304चा पत्रा जिथे दुमडलेला असतो त्या कडेला थोडा चिकटतोही. म्हणून चुंबक कडेला नको, सपाट भागावर लावायचं. माझं चुंबक जुन्या फुटक्या स्पीकरमधलं आहे. विकत घेतलेलं महागडं चुंबक आतल्या एखाद्या बारीक स्क्रूलाही ओढतं आणि उगाच गोंधळ वाढवतं, असं माझं मत.

वायर जाळणं

याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

आमच्या शेजारचा एक मुलगा मोबाइलवर व्हिडिओ पाहून या नादाला लागला. वायरची दोन मोठी वेटोळी मिळाली होती त्याला, रीतसर मागून आणलेली. मी म्हटलं, सोलून घे, मी दाखवतो. "काका, त्यात तीन दिवस जातील, जाळली की अर्ध्या तासात मोकळं." रात्री मोकळ्या जागेत लाकडं पेटवून त्याने ती जाळली. दुसऱ्या दिवशी मला दाखवायला आला तेव्हा डोळे लाल, आवाज बसलेला, आणि हातात काळ्या तारांचा गुंता. बारीक तारा बोटात धरल्या की काडीसारख्या मोडत होत्या. दुसऱ्या वेटोळ्यातून तर तारच मिळाली नाही. राखेत पांढरट गोळे होते. ती वायर तांब्याची नव्हतीच, तांब्याचा पातळ थर दिलेल्या अॅल्युमिनियमची होती. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, तांबं 1085ला. लाकडाच्या चांगल्या आगीला 660 सहज गाठता येतात.

काळ्या तांब्याला खालचा भाव मिळाला. शिवाय घेणाऱ्याने त्याला नखशिखान्त न्याहाळून विचारलं, "कुठून आणलीस?" जळलेली वायर दिसली की हा प्रश्न येणारच, कारण चोरीच्या वायरवरची छाप घालवायला लोक तेच करतात.

आणि तो धूर. वायरीवरचं आवरण बहुधा पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकचं असतं, आणि शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, आणि डोळ्यांच्या, घशाच्या ओलाव्यात त्याचं सरळ हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. सोबत डायॉक्सिन नावाची विषारी संयुगं तयार होतात. ती शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं मुक्काम करतात. बऱ्याच ठिकाणी उघड्यावर असं जाळणं हा गुन्हाही आहे. तीन दिवस वाचवायला हा सगळा खटाटोप.

माझी पद्धत साधी. एका फळीवर दोन स्क्रूंनी पातं घट्ट बसवलंय, खाली वायर जाईल एवढी खाच. वायर आधी उन्हात ठेवायची, आवरण मऊ पडतं. टोक पात्याखालून ओढलं की आवरण चिरत येतं. हात नेहमी पात्यापासून दूर जाईल असा ओढायचा. पण प्रत्येक वायर सोलायलाच हवी असंही नाही. वीतभर तुकडा कापा, वजन करा, सोला, तांब्याचं वजन करा. 100 ग्रॅममधून 60 ग्रॅम तांबं निघालं तर तांब्याच्या भावाचे 60 टक्के आणि न सोललेल्या वायरचा भाव समोरासमोर मांडा. फरक तुमच्या वेळेच्या लायकीचा असेल तर सोला. मोबाइलच्या चार्जरची केसासारखी वायर सोलत बसणारा माणूस मला जाळणाऱ्याइतकाच अधीर वाटतो, फक्त दिशा वेगळी. आणि तांबं समजण्याआधी तारेचं टोक खरवडून पाहा, आत पांढरं आहे का.

तो मुलगा नंतर फळी मागून घेऊन गेला. अजून परत केलेली नाही.

जे बंद आहे ते उघडू नका

गॅसच्या टाक्या, स्प्रेचे डबे, गाड्यांचे शॉक अॅब्सॉर्बर, यांत दाब असू शकतो. कापायचे नाहीत, तापवायचे नाहीत, आपटायचे नाहीत. फ्रीजच्या कॉम्प्रेसरची नळी पकडीने तोडणारे महाभाग मी पाहिलेत. नव्या फ्रीजमध्ये बहुधा आर-600ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. जुन्यांमध्ये ओझोनचा थर खाणारे वायू. वायू काढायची साधनं असलेल्या माणसाकडे अख्खा फ्रीज द्या.

मायक्रोवेव्हमधल्या ट्रान्सफॉर्मरवर सगळ्यांचा डोळा असतो. त्याच्याच शेजारच्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही 2000 व्होल्टच्या आसपासचा भार शिल्लक राहू शकतो. आणि एवढं करून ट्रान्सफॉर्मरमधली तारेची गुंडाळी बऱ्याचदा अॅल्युमिनियमची निघते. मी मायक्रोवेव्ह उघडत नाही, अख्खा विकतो.

गाडीची बॅटरी आडवी करून आम्ल ओतू नका. उभी न्या, तशीच द्या.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. 1987मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात दोघांनी ओसाड पडलेल्या दवाखान्यातून कर्करोगावरच्या उपचारांचं यंत्र भंगार म्हणून उचललं आणि त्याचा जड भाग फोडून भंगारवाल्याला विकला. आत सीझियम-137 हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. अंधारात निळं चमकतं म्हणून लोकांनी ती भुकटी घरी नेली, अंगाला चोळली. चार जण गेले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारातही 2010मध्ये कोबाल्ट-60, तेही किरणोत्सर्गीच, आलं आणि एकाचा जीव गेला. आकाराच्या मानाने विलक्षण जड, जाड शिशाच्या वेष्टणातली वस्तू, किंवा किरणोत्सर्गाचं तीन पाकळ्यांचं चिन्ह दिसलं, तर हात लावायचा नाही. दूर जायचं, इतरांना दूर ठेवायचं आणि पोलिसांना कळवायचं.

पडलेलं म्हणजे बेवारस नाही

रस्त्याकडेला पडलंय, गंजलंय, वर्षभर कुणी हलवलंही नाही, तरी ते कुणाचं तरी असतं. बांधकामाजवळचं तर नक्कीच. मी विचारल्याशिवाय उचलत नाही, आणि मोठा माल असेल तर देणाऱ्याकडून कागदावर दोन ओळी लिहून घेतो. दहापैकी सात जण आनंदाने देतात. त्यांनाही ती अडगळच असते. गटाराची झाकणं, रुळांजवळचं काहीही, विजेच्या तारा, रस्त्याच्या पाट्या: दारात आणून दिलं तरी घेऊ नका.

बाकी किरकोळ

अॅल्युमिनियमच्या खिडकीत चार लोखंडी स्क्रू राहिले की अख्खी चौकट खालच्या भावात जाते. स्क्रू काढायला दहा मिनिटं लागतात.

पेयांचे अॅल्युमिनियमचे डबे चेपून ठेवा. किलोला साधारण 70 लागतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात श्रीमंत व्हायची घाई नको.

पडलेला पत्रा उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उघडा. खाली साप किंवा विंचू असेल तर पत्रा तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहतो.

धनुर्वात गंजाने होत नाही, मातीतल्या जंतूंमुळे होतो. त्यामुळे 'खिळा नवा होता' ही सबब चालत नाही. लस घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आधी ती घ्या, मग हातमोजे.

शिसं हाताळलं की हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत, आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांत टाकायचे नाहीत.

आणि घरून वजन केल्याशिवाय निघू नका. मी प्रत्येक पोत्यावर खडूने धातू आणि वजन लिहितो. काट्यावर पाव-अर्धा किलो इकडेतिकडे झालं तर काही बोलत नाही. दोन किलोंचा फरक पडला तर वादही घालत नाही, पोतं खांद्यावर टाकतो आणि दुसऱ्याकडे जातो.