बिट बदलण्याची घरगुती साधने : कामाला हात घालण्यापूर्वीची तयारी

हौशी सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड वगैरे कोरणाऱ्या यंत्रावर) बिट, म्हणजे कापणारे पाते, बदलणे जिकिरीचे वाटते, त्यामागे बिट आवळणारा नट फार घट्ट बसल्याचे कारण क्वचितच असते. खरी अडचण हात अपुरे पडण्याची असते. एका हातात नटाचा पान्हा, दुसऱ्या हातात स्पिंडलचा (बिट फिरवणाऱ्या आसाचा) पान्हा, आणि बिट निसटून टेबलावर आपटू नये म्हणून धरायला कोणीच नाही. म्हणून घरी साधन बनवायचे ते जोर वाढवणारे नव्हे, तर हात मोकळा करणारे, एवढे आधी ठरवून घ्यावे आणि बाकीची जमवाजमव त्याच हिशेबाने करावी.

पहिले काम मोजमापाचे. ईआर ११ या लहान मापाच्या कोलेटच्या (बिट पकडणाऱ्या चिरांच्या नळीच्या) षटकोनी नटाला बहुधा 17 मिमीचा पान्हा लागतो. पण त्याच कोलेटचा लहान, खाचांचा गोल नटही मिळतो आणि त्याला साधा पान्हा चालत नाही, तेव्हा आपल्या यंत्रावर कोणता नट आहे ते पाहूनच पुढे जावे. स्पिंडलवरच्या सपाट बाजूंचे माप प्रत्येक बनावटीत वेगळे असल्याने ते व्हर्निअरने घ्यावे. रुंदीबरोबर त्या सपाट भागाची उंचीही मोजावी, कारण जागा बरेचदा इतकी अरुंद असते की बाजारातला जाड पान्हा तिथे शिरतच नाही. पान्हा त्या उंचीपेक्षा अर्धा ते एक मिमी पातळ ठेवला म्हणजे तो नटाला घासत नाही.

वीजपुरवठ्याची व्यवस्था साधने बनवण्याच्या आधीच लावून घ्यावी. राउटरचा, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरीचा, प्लग काढल्याशिवाय नटाला पान्हा लावायचा नाही. केवळ संगणकावरून स्पिंडल बंद केल्याची आज्ञा देणे पुरेसे नाही. दुसरीकडे, यंत्राचे अक्ष सरकवणाऱ्या स्टेपर मोटरींचा पुरवठा चालू राहिलेला बरा, कारण तो गेला की पान्ह्याच्या धक्क्याने गॅन्ट्री (स्पिंडल वाहून नेणारी आडवी चौकट) सरकते आणि एक्स-वायचा, म्हणजे आडव्या अक्षांचा, शून्यबिंदू हातचा जातो. यासाठी राउटरचा प्लग आणि कंट्रोलरचा (स्टेपर मोटरी चालवणाऱ्या पेटीचा) प्लग वेगवेगळ्या, हाताशी असलेल्या सॉकेटमध्ये असावेत. कंट्रोलरवर जीआरबीएल हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी $1 या सेटिंगचे मूल्य 255 ठेवल्यास यंत्र थांबलेले असतानाही मोटरी अक्ष धरून ठेवतात.

पान्ह्यासाठी 4 मिमीच्या आसपास जाडीची लोखंडी पट्टी, करवत, एक खरखरीत आणि एक मऊ कानस, आखणीची सुई आणि व्हाइस एवढे साहित्य पुरते. सपाट भागाची उंची कमी असेल तर पट्टीही त्या मानाने पातळ घ्यावी. थ्रीडी प्रिंटरवर संपूर्ण पान्हा छापण्याचा मोह टाळावा. बराच वेळ चाललेल्या स्पिंडलचा नट चांगलाच तापतो आणि पीएलए हे छपाईचे प्लास्टिक साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, त्यामुळे जबडा लोखंडाचाच हवा; त्यावर चढवायची मूठ मात्र खुशाल प्लास्टिकची किंवा लाकडाची करावी. जबड्याची खाच नटाच्या मापापेक्षा एक-दोन दशांश मिमीच मोठी ठेवावी. शेवटचा हात मऊ कानशीने फिरवून नट पुन्हा पुन्हा लावून पाहणे कंटाळवाणे असते, पण नटाच्या कडा गोल होणे न होणे त्यावरच ठरते. दांडा 10 ते 12 सेंमी पुरे. ईआर ११ला यापेक्षा लांब दांडा दिला की हात आपोआप जास्त दाब देतो.

आखणी करताना जबडा दांड्याशी 15 अंश तिरपा ठेवावा. या तिरपेपणामुळे पान्हा उलटा करून लावला की दांड्याची जागा 30 अंशांनी बदलते, आणि नट कुठल्याही स्थितीत थांबला तरी दोन्ही दांडे एकाच मुठीत मावतील असा कोन सापडतो. मग दोन पान्हे विरुद्ध दिशांना ओढण्याऐवजी ते एका हाताने आवळता येतात, दुसरा हात मोकळा राहतो आणि गॅन्ट्रीवर आडवा जोरही फारसा येत नाही. समोर उभे राहून दांडे आपल्याकडे धरले असता, घट्ट करताना नटाचा पान्हा डावीकडे आणि स्पिंडलचा उजवीकडे असावा. सैल करताना याच्या उलट. दोन्ही मुठींना वेगळा रंग दिल्यास दरवेळी विचार करावा लागत नाही.

मोकळ्या झालेल्या हातासाठी लाकडी ठोकळा बनवावा, आणि माझ्या मते पान्ह्यापेक्षाही उपयोगाची वस्तू हीच आहे. मुठीत मावणाऱ्या ठोकळ्यात बिटाच्या धारेपेक्षा थोडे रुंद छिद्र पाडावे आणि त्याची खोली, बिट नटाबाहेर जितके राहायला हवे, नेमकी तितकी ठेवावी. तळ सपाट राहावा म्हणून मध्ये टोक असलेले लाकडाचे ड्रिल वापरावे. बिट धारेकडून या छिद्रात उभे करून ठोकळा खालून नटाला टेकेपर्यंत वर न्यायचा. बोटे धारेला लागत नाहीत, बाहेरची लांबी दरवेळी जवळपास सारखी येते, आणि काढताना कार्बाइडचे ठिसूळ बिट टेबलावर न पडता लाकडात उतरते. शँक (बिटाचा धार नसलेला गोल दांडा) कोलेटच्या लांबीच्या किमान दोन तृतीयांश आत जाईल असा हिशेब खोली ठरवताना धरावा. नट आवळताना कोलेट बिटासकट किंचित वर ओढला जातो, म्हणून ठोकळ्याच्या भरवशावर झेड शून्य (उभ्या अक्षाचा शून्यबिंदू) गृहीत धरू नये. तांब्याचा थर असलेला सर्किट बोर्डाचा तुकडा आणि मगरपकडीची वायर यांपासून स्पर्शपट्टी तयार ठेवावी आणि तिची जाडी मोजून, बिट पट्टीला टेकताच यंत्र थांबवणाऱ्या जी३८.२ आज्ञेच्या मॅक्रोत (साठवलेल्या आज्ञासंचात) भरून ठेवावी.

सफाईसाठी जुना टूथब्रश आणि टोकाला कापड गुंडाळलेली लाकडी काडी पुरते. कोलेटच्या चिरांत बसलेला भुसा बिट तिरपे धरतो, आणि दोष मात्र बिटाला मिळतो.

चाचणी रिकाम्या कोलेटवर घेऊ नये, कारण आत काही नसताना नट आवळला की कोलेट कायमचा चेपू शकतो. तुटलेल्या बिटाची शँक यासाठी जपून ठेवावी. मात्र 3 मिमीच्या कोलेटमध्ये 3.175 मिमीची शँक दामटू नये. कोलेट आधी नटात टक आवाज येईपर्यंत बसवून मगच स्पिंडलला लावावा. सैल करताना नट एकदा सुटून पुन्हा अडतो. ती अडचण नसून नट कोलेटला बाहेर खेचत असतो, तेव्हा घरगुती पान्ह्याने हा दुसरा टप्पाही न घसरता पार करता येतो का ते पाहावे. शेवटी चांगले बिट बसवून कोलेटच्या तोंडाशी शँकवर मार्करची बारीक रेघ ओढावी, टाकाऊ लाकडात काही मिनिटे कट घ्यावा आणि रेघ जागेवर आहे का हे तपासून मगच ही साधने रोजच्या कामाला घ्यावीत.