घाट उतरताना ब्रेक पेडल मऊ पडत होतं, असं सुटलं
माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक सेकंडहँड घेतलेली, रिमॅप केलेली (पॉवर वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली). महाबळेश्वरहून आंबेनळी घाट जरा दाबून उतरलो की पोलादपूरच्या अलीकडे पेडल स्पंजसारखं खाली जायचं, आणि गाडी थंड झाली की परत ठणठणीत. गॅरेजवाला म्हणाला ब्रेक पॅड (घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) बदला. पण पॅड तापले की पेडल कडकच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. पेडल मऊ झालं म्हणजे ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव, उकळून त्यात वाफ झालीये, आणि वाफ दाबली जाते.

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं आणि कोकणात तर विचारूच नका. नवीन डॉट ४ (फ्लुइडचा एक ग्रेड) किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. माझ्या गाडीतून तर चहाच्या रंगाचं निघालं! सीलबंद बाटली आणली, मित्र पेडल दाबायला बसला, मॅन्युअलमधल्या क्रमाने चारही चाकांचे निपल (फ्लुइड काढायचे छोटे स्क्रू) सोडून स्वच्छ फ्लुइड येईपर्यंत ब्लीड केलं, म्हणजे जुनं बाहेर काढलं, रिझर्व्हॉयर (फ्लुइडची टाकी) एकदाही रिकामा होऊ दिला नाही. गाडीच्या रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी मारा, पेंट जातो.

आता तोच घाट, तोच वेग, घाट संपेपर्यंत पेडल एकसारखं कडक. पॉवर वाढवायच्या आधी हे करा राव, दर दोन वर्षांनी.