अभिलेखागार वाचकांसाठी खुले करताना

अभिलेखागार लोकांसाठी खुले करायचे ठरले की बहुतेक संस्था आधी स्कॅनरची चौकशी करतात. माझ्या मते पहिले काम सूचीचे आहे. ज्या कागदाची नोंद कुठेच नाही तो कपाटात कितीही सुरक्षित असला, तरी वाचकाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच असतो. आणि ज्याचे छायाचित्र संकेतस्थळावर आहे, पण ज्याला शीर्षक, तारीख किंवा मूळ कार्यालयाचा उल्लेख नाही, तो शोधूनही हाती लागत नाही.

सूची करताना प्रत्येक कागदाचे वर्णन करण्याचा आग्रह धरू नये, कारण त्या आग्रहापायी अनेक संग्रह वर्षानुवर्षे बंद राहतात. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेच्या वर्णन-मानकाच्या २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत २६ घटक आहेत. परंतु त्यांपैकी संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, कालखंड, आकारमान आणि वर्णनाची पातळी (वर्णन संपूर्ण संग्रहाचे आहे की त्याच्या एखाद्या भागाचे) हे सहाच घटक अत्यावश्यक मानले आहेत. एवढ्या सहा गोष्टी संपूर्ण संग्रहासाठी लिहून झाल्या की तो वाचकांना दाखवता येतो. त्यानंतर मालिका (एकाच कामातून तयार झालेल्या फाइलींचा गट), मग फाइल, अशा क्रमाने खाली उतरावे आणि ज्या भागाला मागणी जास्त असेल तेथे अधिक तपशील भरावा.

येथे एक अडचण हमखास येते. वाचक विषय घेऊन येतो, तर अभिलेखागारातील मांडणी कागद निर्माण करणाऱ्या कार्यालयानुसार किंवा व्यक्तीनुसार असते. पाणीपुरवठ्याचा अभ्यास करणाऱ्याला हवी असलेली माहिती आरोग्य, बांधकाम आणि महसूल अशा तीन ठिकाणी विखुरलेली असू शकते. म्हणून कागद विषयवार लावण्याचा मोह होतो; पण तसे केल्यास कोणता कागद कोणत्या कामातून आणि कोणत्या कागदासोबत आला हा पुरावाच नाहीसा होतो, आणि तो पुन्हा जुळवता येत नाही. मूळ क्रम कायम ठेवून त्यावर विषयसूची स्वतंत्रपणे करावी, आणि प्रत्येक संग्रहाच्या आरंभी ते कार्यालय कधी स्थापन झाले, कोणती कामे करत होते आणि त्या कामांत कोणत्या प्रकारच्या नोंदी तयार होत असत, हे साध्या भाषेत एका-दोन परिच्छेदांत सांगावे. एवढी प्रस्तावना वाचलेला माणूस पुढचा शोध बराचसा स्वतःच घेऊ शकतो.

काही कागद बंद ठेवावे लागतात, आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्यांचे अस्तित्व लपवणे. याच परिषदेने २०१२ साली स्वीकारलेल्या प्रवेशविषयक तत्त्वांत असे म्हटले आहे की बंद साहित्याचे अस्तित्वही जाहीर करावे, निर्बंध स्पष्ट आणि ठरावीक मुदतीचे असावेत, सर्वांना समान अटींवर प्रवेश मिळावा आणि नकार मिळालेल्या वाचकाला दाद मागता यावी. व्यवहारात याचा अर्थ असा की एका व्यक्तीच्या वैद्यकीय माहितीचे एक पान आहे म्हणून अख्खी फाइल बंद करू नये. ते पान वेगळे काढावे, त्याच्या जागी कारण व फेरतपासणीचे वर्ष लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि उरलेली फाइल वाचू द्यावी. ओळखपत्र किंवा शिफारसपत्र मागायचे असेल तर ते सर्वांकडूनच मागावे. आजोबांचे नाव शोधायला आलेल्या माणसाला विद्यापीठातील प्राध्यापकापेक्षा कमी महत्त्व देण्याचा अधिकार अभिलेखपालाला नाही.

वाचनकक्षाच्या वेळा, मागणी किती दिवस आधी नोंदवावी, प्रतींचे शुल्क किती, हे वाचक घरून निघण्यापूर्वीच त्याला कळले पाहिजे. कक्षात एका वेळी एकच फाइल द्यावी, शाईऐवजी पेन्सिल वापरायला सांगावी आणि बांधीव ग्रंथांना आधार द्यावा. कागदासाठी स्वच्छ, कोरडे हात पुरेसे असतात. हातमोजे मुख्यतः छायाचित्रे हाताळताना लागतात. फ्लॅश न वापरता स्वतःच्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेऊ द्यावीत, कारण त्यामुळे वाचकाचा खर्च वाचतो आणि मूळ कागद वारंवार बाहेर काढावा लागत नाही. ‘कोणती फाइल हवी?’ असे विचारण्याऐवजी ‘आपण काय शोधत आहात?’ असे विचारणारा कर्मचारी या सर्व सोयींहून अधिक उपयोगी पडतो.

स्कॅनिंग यानंतर. कोणते कागद आधी घ्यायचे हे मागणीच्या नोंदवहीवरून आणि कागदाच्या नाजूकपणावरून ठरवावे. जतनासाठी टिफ (तपशील न गमावणारे, मोठ्या आकाराचे चित्र-स्वरूप) आणि पाहण्यासाठी लहान जेपेग अशा दोन प्रती ठेवाव्यात, फाइलच्या नावात संदर्भ क्रमांक असावा आणि पुनर्वापराच्या अटी प्रत्येक प्रतीसोबत लिहाव्यात.

वाचकांकडे मदतनीस म्हणूनही पाहावे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये सुमारे ३,००० छायाचित्रे फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवली, तेव्हा लोकांनी त्यांतील ठिकाणे, माणसे आणि प्रसंग ओळखून दिले आणि त्या माहितीच्या आधारे ग्रंथालयाने आपल्या नोंदी सुधारल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१० साली तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांची हस्तलिखिते उतरवून काढण्याचे काम स्वयंसेवकांसाठी खुले केले. असे काम हाती घेताना ते लहान आणि स्पष्ट असावे. एक पान, एक छायाचित्र, एक नोंद. अक्षर लागले नाही तर काय लिहायचे, जुने शुद्धलेखन तसेच ठेवायचे का, हे आधीच सांगावे. आलेली माहिती तपासावी, ती कोणाकडून आली याची नोंद ठेवावी आणि अधिकृत वर्णनापासून ती वेगळी दिसेल अशी मांडावी. मुख्य म्हणजे ती सूचीत प्रत्यक्ष यायला हवी. आपले श्रम कुठेच दिसत नाहीत असे कळल्यावर स्वयंसेवक परत येत नाहीत, आणि त्यांचे ते वागणे योग्यच असते.

ज्यांच्याविषयी कागदांत लिहिले आहे, त्या समाजांनाही बोलवावे. जुन्या शीर्षकांत अपमानास्पद शब्द असतील तर मूळ शीर्षक पुरावा म्हणून राखावे, परंतु त्याच्याबरोबर आजचे वर्णन द्यावे आणि ते ठरवताना त्या लोकांचे म्हणणे ऐकावे.

शेवटी, जे सापडले नाही त्याचीही नोंदवही असावी. वाचकाने कोणता शब्द वापरून शोध घेतला आणि तो का फसला, हे दर काही महिन्यांनी पाहून ते शब्द विषयसूचीत घालत जावे.