जोखमीची जादूची हत्यारं निवडताना या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांवर चालणाऱ्या भूमिकांच्या खेळात जादूचं हत्यार निवडताना नवखा प्लेअर एकच आकडा वाचतो: समोरच्याला किती लागतं. आपल्याला काय लागणार आणि शेजारी उभ्या असलेल्या गड्याला काय लागणार, ते त्याच वर्णनात दोन ओळी खाली लिहिलेलं असतं. तिथपर्यंत कोणी जात नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा डी अँड डीचा डाव रविवारी बसतो. डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा, म्हणून मी या एका घाईपायी चांगली जमलेली कॅरॅक्टर मरताना बघितली आहेत. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या कॅरॅक्टरच्या मागं पोरांची महिन्यांची मेहनत असते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘व्हिशस’, हत्यारावर चढवायचा जादूचा एक गुण. डी अँड डीच्या ३.५ आवृत्तीत आणि तिच्यावरूनच निघालेल्या पाथफाइंडर या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत वार लागला की शत्रूला जादा २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे टाकून येईल तेवढं) आणि वार करणाऱ्याला १डी६ लागतं. हिशेब प्रत्येक लागलेल्या वाराचा आहे, राउंडचा, म्हणजे लढाईच्या फेरीचा, नाही. म्हणजे जितके वार जास्त, तितकं स्वतःचं रक्त जास्त.

आमच्याकडं अकराव्या लेव्हलचा एक फायटर होता. दोन हातांत दोन तलवारी, दोन्ही व्हिशस, राउंडला सहा वार. पुढं ट्रोल या राक्षसांची टोळी. पोरानं लाल फासे स्टीलच्या परातीत टाकले, पाच वार बसले, जादा डॅमेज पस्तिशीच्या घरात गेलं आणि टेबल दणाणलं. मग मी म्हटलं, आता पाच फासे स्वतःसाठी टाक. त्याची सरासरी साडेसतरा येते. नव्वदीच्या आतबाहेर हिट पॉइंट (जीव किती उरलाय त्याचा आकडा) असलेला गडी तिसऱ्या राउंडपर्यंत निम्म्याच्या खाली आला, आणि त्यातला बराचसा मार त्याचा त्यानंच घेतलेला. क्लेरिक (जखमा बऱ्या करणारी पुजारीण) चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, “मी ट्रोलाचा मार भरून काढू, का तुझ्या तलवारीचा?” त्यांचे बरे करायचे स्पेल (मंत्र) तिथंच संपले.

त्यात ट्रोल आगीनं किंवा अ‍ॅसिडनंच खरे मरतात, बाकीच्या मारातून ते पुन्हा उठतात. ‘फ्लेमिंग’ या आगीच्या गुणाची किंमत व्हिशसएवढीच, +१ बोनसची. डॅमेज १डी६ आगीचं, आणि उलट मार शून्य. +१ तलवारीवर (वाराला आणि डॅमेजला एकाची भर देणाऱ्या) असला एक गुण चढवला की जादूचा खर्च ८,००० सोन्याची नाणी होतो. दोन तलवारी म्हणजे दुप्पट. एवढे पैसे घालून त्यानं स्वतःलाच पाडून घेतलं.

व्हिशस वाईट आहे असं मी म्हणत नाही. दोन हातांनी धरायचं मोठं हत्यार, राउंडला एक-दोन जड वार आणि भरपूर हिट पॉइंट, अशा बार्बेरियनच्या हातात ते शोभतं. माझी सवय अशी आहे की प्लेअरला शीटवर लिहू द्यायच्या आधी दहा वार लागले असं धरून फासे टाकायला लावतो, आणि दिलेलं नि घेतलेलं हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहितो. शिवाय कमरेला एक साधं +१ हत्यार ठेवायला सांगतो. हिट पॉइंट अर्ध्यावर आले की तेच काढायचं.

नाव एकच म्हणून नियम एकच समजू नका. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत व्हिशस हत्यार वाराच्या वीस बाजूंच्या फाशावर २० पडला तरच जादा ७ डॅमेज देतं, आणि स्वतःला काही लागत नाही. २०२४ च्या नियमांत ते दर वाराला जादा २डी६ देतं. नेटवरच्या ‘टॉप टेन’ याद्या आवृत्ती सांगत नाहीत. म्हणून त्या मी टेबलावर चालू देत नाही.

दुसरी मोठी चूक शापित हत्याराची. पाचव्या आवृत्तीतली ‘बर्सर्कर अ‍ॅक्स’ बघा. +१ कुऱ्हाड, अट्यून केली (स्वतःशी बांधून घेतली) की दर लेव्हलमागं एक हिट पॉइंट वाढतो. आमच्या एका बार्बेरियनला ती थडग्यात सापडली. थांब म्हटलं तर म्हणाला, “दादा, असली कुऱ्हाड कोण सोडतंय व्हय?” विझार्डनं (जादूगारानं) ‘आयडेंटिफाय’ हा जादू ओळखायचा स्पेल टाकला, शाप दिसला नाही, सगळे निर्धास्त. पण २०१४ च्या नियमांत आयडेंटिफायला असले शाप बहुतेक वेळा दिसतच नाहीत!

पुढच्याच लढाईत त्याला बाण लागला. अशा वेळी विझडमचा सेव्ह, म्हणजे मन ताब्यात राहतं का याची फाशावरची परीक्षा, १५ चा असतो. विझडमचा बोनस शून्य असेल तर दहातल्या सात वेळा तो हुकतो. इथंही हुकला. मग जवळात जवळ जो असेल त्याच्यावर कुऱ्हाड चालते, एक्स्ट्रा अटॅकच्या जादा वारासकट. जवळ होती क्लेरिक, त्यालाच बरं करायला आलेली. दोन वारांत ती आडवी. कुऱ्हाड पाठीला अडकवूनही सुटका नाही, कारण ती जवळ असली तरी शाप लागू होतो. आणि दिसणारं-ऐकू येणारं कोणी ६० फुटांत आहे तोवर हा पिसाळलेलाच राहतो.

हा खेळ खेळायचाच असेल तर ‘रिमूव्ह कर्स’ हा शाप उतरवायचा स्पेल आपल्या गटात कोणाकडं तरी हवा. तो तिसऱ्या लेव्हलचा स्पेल आहे, क्लेरिकला पाचव्या लेव्हलपासून मिळतो. त्यानं अट्यूनमेंट तुटते आणि कुऱ्हाड टाकता येते. शाप मात्र कुऱ्हाडीतच राहतो, म्हणून ती बाजारात विकू नका. तोवर उभं कुठं राहायचं ते ठरवून घ्या. बरं करायच्या स्पेलांत ‘क्युअर वूंड्स’ला हात लावावा लागतो, ‘हीलिंग वर्ड’ ६० फुटांवरून चालतं. क्लेरिकनं लांब राहायचं आणि शत्रूला जवळचा ठरू द्यायचं.

बाकीच्या चुका थोडक्यात. ३.५ मध्ये ‘कीन’ हा धारेचा गुण गदेवर चढत नाही, धार किंवा टोक लागतं. कॅरॅक्टरकडं ‘इम्प्रूव्हड क्रिटिकल’ हे जबर वार जास्त वेळा बसवणारं कौशल्य असेल तर त्यावर त्याची भर पडत नाही. ‘फ्लेम टंग’ ही आगीची तलवार पेटवली की ४० फूट लख्ख आणि पुढं ४० फूट अंधुक उजेड पडतो, त्यामुळं चोरपावलांनी जाणाऱ्या ‘रोग’नं (चोरट्या कॅरॅक्टरनं) ती विझवलेली ठेवावी.

आणि ‘व्होर्पल’ या मुंडकं उडवणाऱ्या तलवारीच्या मागं लागलेल्यांनी एवढं बघावं: मुंडकं उडायला २० पडावा लागतो, म्हणजे वारागणिक शंभरात पाच संधी. पाचव्या आवृत्तीत लेजेंडरी अ‍ॅक्शन (दुसऱ्यांच्या पाळीनंतरही चाल करायची मुभा) असलेल्या राक्षसाचं मुंडकं उडत नाही, जादा ६डी८ डॅमेज मिळतं. ज्या बॉससाठी तलवार साठवून ठेवता, तो बहुतेक वेळा असलाच राक्षस असतो.