मुलांसाठी टॅब घ्यायचाय? आधी टॅब बाद कशाने होतो ते बघा

जून जवळ आला किंवा दिवाळीचा सेल लागला की फॅमिली ग्रुपवर मेसेज येतोच, "ताई, पंधरा हजारात मुलासाठी बेस्ट टॅब कुठला गं?" मग खाली सगळे आपापल्या घरातल्या टॅबचं नाव टाकतात, कुणी म्हणतं आमचा मस्त चाललाय, कुणी म्हणतं ज्यात रॅम जास्त तोच घे. मॉडेलचं नाव सांगून फार उपयोग होत नाही, कारण वर्षभरात ते मॉडेल जातं आणि नवीन येतं. म्हणून मी उलट बाजूने बघायला सांगते. पोरांच्या हातातला टॅब प्रोसेसर हळू आहे म्हणून सहसा बाद होत नाही, तो बाद होतो काच फुटून, चार्जिंगचं पोर्ट सैल होऊन, स्टोरेज भरून नाहीतर अपडेट बंद पडून. या चार गोष्टी धरून निवडलात की निम्मी मॉडेलं आपोआप गळतात.

त्याआधी वयाचं बोलू, कारण काही घरांत टॅबची गरजच नसते. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या गाइडलाइन्स साध्या आहेत: २ वर्षांखाली स्क्रीन नाहीच, आजी-आजोबांना कधीतरी व्हिडिओ कॉल केला तर तेवढाच, २ ते ५ वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त १ तास, आणि ५ ते १० पर्यंत २ तासांच्या आत. आता तीन वर्षांच्या पोराला तासभरच दाखवायचंय तर त्याच्या नावाने वेगळा टॅब कशाला, घरातल्या टीव्हीवर लावा, लांबूनही बघितलं जातं आणि काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. जेवण भरवायला म्हणून टॅब घेणारे असतात, त्यांना मी काही बोलत नाही, पण विचारलंत म्हणून सांगते, नका घेऊ. पहिली-दुसरीच्या पुढे, वाचायला यायला लागलं, शाळेचा अभ्यास, चित्रं, स्कॉलरशिपची तयारी असं काही ठरलेलं काम असलं की मग टॅबला अर्थ आहे.

साइजचं गणित त्या कामावर आहे. ८.७ इंची टॅब साधारण ३३० ग्रॅमचा असतो, सहा-सात वर्षांच्या मुलाला धरता येतो, गोष्टी वाचायला, व्हिडिओ बघायला ठीक. ११ इंची जवळजवळ ४८० ग्रॅमपर्यंत जातो, त्यात जाड कव्हर घातलं की लहान मुलाला तो हातात धरून बसता येत नाही, टेबलावरच ठेवावा लागतो, आणि खरं सांगायचं तर ते चांगलंच आहे. पण पाचवी-आठवीच्या मुलाला बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ उघडायची असेल तर लहान स्क्रीनवर सारखं झूम करा, सरकवा, परत झूम करा, पोरं वैतागतात आणि पीडीएफ सोडून यूट्यूब उघडतात. अभ्यासाला घेताय तर १० ते ११ इंचच घ्या.

आणि मोठा घेताय तर रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर आडवे-उभे किती ठिपके आहेत ते, बघाच. लहान टॅबवर १३४० बाय ८०० चालून जातं, तेच मोठ्या स्क्रीनवर पसरलं की अक्षरं मऊ पडतात. मराठी वाचणाऱ्या मुलाला हे इंग्रजीपेक्षा जास्त टोचतं, आपल्याकडे वर अनुस्वार, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं, त्यात पीडीएफ स्कॅन केलेली असली तर द्ध आणि द्य वेगळं ओळखायला पोराला डोळे बारीक करावे लागतात. मोठ्या स्क्रीनला १९२० बाय १२०० तरी हवं. दुकानात डेमो टॅब असतो त्यावर ते लोक समुद्राचे, पोपटाचे भारी व्हिडिओ लावून ठेवतात, ते बघू नका. ई-बालभारतीच्या साइटवरून मुलाच्या इयत्तेचं एक पुस्तक उघडा, फुकट आहे, आणि हातभर अंतरावरून वाचून बघा. वर ट्यूबलाइट असेल तर तिचा किती चमकारा येतो तेही तिथेच कळतं.

आता काच. टॅब पडणारच आहे, पडू नये म्हणून काय करायचं हा प्रश्नच नाही, पडल्यावर काय हा प्रश्न आहे. माझा नियम असा की आधी कव्हर शोधायचं, मग टॅब घ्यायचा. मागे हँडल असलेलं, चारी कोपऱ्यांना जाड फोम असलेलं कव्हर ज्या मॉडेलला सहज मिळतं तेच मॉडेल घ्यायचं. सॅमसंग, लेनोवो, रेडमी, वनप्लस यांच्या जास्त खपणाऱ्या मॉडेलला असली कव्हरं सात-आठशेपासून मिळतात, कमी खपणाऱ्या मॉडेलला नुसतं ते पुस्तकासारखं फ्लिप कव्हर मिळतं, ते आपल्यासारख्यांना ठीक, पोराला नाही. दुसरं म्हणजे त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात किंवा निदान जिल्ह्याच्या ठिकाणी आहे का ते घ्यायच्या आधी बघा, फोन करून त्या मॉडेलची स्क्रीन बदलायला किती लागतात ते सरळ विचारा. स्वस्तातल्या टॅबला कधीकधी टॅबच्या निम्म्याच्या आसपास खर्च सांगतात, मग माणूस दुरुस्त करत नाही आणि तो कपाटात पडतो. पुण्या-मुंबईवाल्यांना याचं काही वाटत नाही, पण टॅब कुरियरने पाठवून दोन-तीन आठवडे वाट बघायची वेळ आली की कळतं.

चार्जिंग पोर्टकडे कुणी बघतच नाही. पोरं टॅब चार्जिंगला लावून पोटावर ठेवून बघतात, केबल वाकते, टाइप-सीची पिन हलायला लागते. यावर सोपा उपाय म्हणजे एल आकाराची केबल आणि चार्जिंगला असताना टॅब हातात घ्यायचा नाही हा घरचा कायदा. या टॅबची बॅटरी ५००० एमएएचपासून ७००० च्या वरपर्यंत असते आणि बजेट टॅब बहुतेक १० किंवा १५ वॉटने चार्ज होतात, म्हणजे तीन तास कुठे गेले नाहीत, त्यामुळे रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, बेडरूममध्ये नाही. बॉक्समध्ये चार्जर आहे का तेही बघून घ्या, आजकाल नुसती केबल देतात.

स्टोरेजला १२८ जीबी घ्या, ६४ मध्ये आता भागत नाही. सिस्टिमच त्यातले पंधरा-वीस जीबी खाते, उरलेल्यात ॲप, गेम, डाउनलोड. मेमरी कार्ड टाकू असं म्हणतात, टाका, पण कार्डावर व्हिडिओ आणि पीडीएफ जातात, ॲप बहुतेक टॅबच्या आतच राहतात. आयपॅडला तर कार्डाची सोयच नाही. रॅम ४ जीबी म्हणजे अगदी काठावर, ६ असेल तर बरं. जाहिरातीत "८ जीबी रॅम" लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ४ अधिक ४ व्हर्च्युअल, तर ती वरची चार स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली असते, तिचे पैसे देऊ नका.

अपडेट हा विषय दुकानदार काढत नाही कारण तिथेच जुना स्टॉक खपतो. सेलमध्ये टॅब एकदम सहा हजारांनी स्वस्त दिसला तर तो कधी लाँच झालाय ते शोधा, तीन वर्षांपूर्वीचा असेल तर त्याचे सिक्युरिटी अपडेट संपत आलेले असू शकतात आणि मग एक एक करून ॲप "तुमच्या डिव्हाइसवर चालत नाही" म्हणायला लागतात. कंपनीच्या साइटवर किती वर्षं अपडेट देणार ते लिहिलेलं असतं, चार वर्षांच्या खाली असेल तर मी घेणार नाही, कारण मुलासाठी घेतलेली वस्तू आपण दरवर्षी बदलत नाही. याबाबतीत आयपॅडला तोड नाही, २०२० साली आलेल्या साध्या आयपॅडला २०२५ चं आयपॅडओएस २६ सुद्धा मिळालं. आणि ते पाच-सहा हजारवाले, रंगीत रबरी बॉडी, कार्टूनचं चित्र, कधी न ऐकलेली कंपनी, अँड्रॉइड कुठलं ते विचारलं तर सेल्समन "लेटेस्ट आहे" म्हणतो, ते घेऊ नका. त्यापेक्षा घरातला जुना चांगला फोन द्या.

मग आयपॅड घ्यायचा का? पैसे असतील तर वस्तू चांगलीच आहे, ए१६ चिपवाला साधा आयपॅड १२८ जीबी भारतात ३४,९०० ला लाँच झाला, पेन्सिल वेगळी, कव्हर वेगळं, म्हणजे चाळीसच्या पुढे धरा. पण तुमच्या दोघांचे फोन कुठले आहेत ते बघा. तुम्ही अँड्रॉइडवाले असाल तर गुगलचं फॅमिली लिंक ॲप फोनवर टाकून मुलाच्या अँड्रॉइड टॅबचा वेळ, ॲप, रात्रीचं लॉक सगळं ऑफिसात बसून बघता येतं. आयपॅडचं स्क्रीन टाइम चांगलं आहे पण लांबून चालवायला तुमच्याकडेही आयफोन किंवा ॲपलचंच काहीतरी लागतं, नाहीतर प्रत्येक वेळी मुलाच्या हातातून आयपॅड घेऊनच सेटिंग बदलायची. आधीच रडारड चाललेली असताना हे करून बघा म्हणजे कळेल.

वाय-फाय का सिमवाला? वाय-फायवाला. दोन-चार हजार वाचतात आणि तुमच्या फोनचा हॉटस्पॉट बंद केला की नेट बंद, यापेक्षा सोपं पॅरेंटल कंट्रोल नाही. घरात वाय-फाय नसेल आणि तुम्ही फोन घेऊन दिवसभर कामावर, मूल आजीकडे, असं असेल तर मात्र सिमवाला घ्या, त्यात लाज नाही. ३.५ एमएमचं हेडफोन जॅक असलं तर फार बरं, पोरांच्या हातात ब्लूटूथ इअरबड टिकत नाहीत, एक हरवतोच.

चित्र काढायला घेत असाल तर पेनचं नीट विचारा. शे-दोनशेचं रबरी टोकाचं पेन म्हणजे बोटच, हात टेकला की रेघ उठते. खऱ्या पेनला टॅबचा सपोर्ट लागतो आणि स्वस्त टॅबपैकी बऱ्याच जणांना तो नसतो.

एक अगदी स्वतंत्र इशारा क्लासवाल्यांच्या टॅबबद्दल. ॲपवाला माणूस घरी येतो, मुलाची टेस्ट घेतो, मूल हुशार आहे सांगतो, कोर्ससोबत टॅब "फ्री" म्हणतो आणि कागदावर सही घेतो ते खरं तर कर्ज असतं, कोर्स आवडला नाही तरी हप्ते चालू. शिवाय असले टॅब बरेचदा त्यांच्याच ॲपला लॉक केलेले असतात, कोर्स संपला की त्याचं काय करायचं ते कळत नाही. सही करण्याआधी विचारा, कर्ज कुणाचं, थांबवायचं तर कसं, आणि लॉक निघतो का. फुकट टॅब खरंच हवा असेल आणि मूल दहावी होऊन सायन्सला जातंय, ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसीमधलं आहे, नॉन-क्रीमीलेअर आहे, तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या साइटवर बघा, जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी ते टॅब आणि नेट देतात, अर्जाच्या तारखा मात्र तुम्हालाच बघत बसावं लागतं.

अमेरिकेतला मामा येताना ॲमेझॉनचा फायर किड्स आणतो म्हणाला तर गोड बोलून नाही सांगा. तिकडे छान आहे, पण त्यात गुगल प्ले स्टोअर नसतं, इकडची ॲप सरळ मिळत नाहीत, आणि बिघडला तर इथे कुणी हात लावत नाही.

सेकंड हँड घेताना एकच गोष्ट, समोरच्याने तुमच्या डोळ्यांसमोर आपलं गुगल किंवा ॲपल अकाउंट काढून टॅब रीसेट करून द्यायला हवा. नंतर करतो म्हणाला तर निघून या, लॉक राहिलेला टॅब म्हणजे नुसती काचेची पाटी.

घेतल्यावर लगेच मुलाच्या हातात देऊ नका, एक संध्याकाळ तुम्ही घ्या. मुलाचं वेगळं गुगल अकाउंट फॅमिली लिंकमधून खऱ्या जन्मतारखेने बनवा, तुमचं अकाउंट टाकून दिलं की तुमचे मेल, फोटो, सेव्ह केलेलं कार्ड सगळं त्याच्याकडे. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला तुमची परवानगी लागेल असं करा आणि त्या टॅबवर यूपीआयचं ॲप टाकूच नका. यूट्यूबच्या ऐवजी यूट्यूब किड्स, आणि त्यातही लहान मुलाला तुम्ही निवडलेलेच चॅनेल दिसतील असा पर्याय आहे तो चालू करा, थोडं किचकट काम आहे पण एकदाच करायचंय. मग दीक्षा हे सरकारी शिक्षणाचं ॲप, त्याने पुस्तकातला क्यूआर स्कॅन होतो आणि धडे डाउनलोडही करता येतात, स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या फुकट साइटवरच्या मराठी गोष्टी, बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंक, ते १९७१ पासूनचे आहेत आणि फुकट आहेत, मुलापेक्षा तुम्हीच वाचत बसाल. जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी हस्तलेखन चालू करा, बोटाने "आई" लिहिलं की टाइप होतं, पहिलीच्या पोरांना ते जाम आवडतं.

त्याच संध्याकाळी टॅब तपासूनही घ्या: पांढरं पान उघडून ठिपके दिसतात का, चारी कोपऱ्यांत टच लागतो का, दोन्ही बाजूंचा स्पीकर वाजतो का, बॉक्सवरचा सिरियल नंबर सेटिंगमधल्या नंबराशी आणि बिलाशी जुळतो का. ऑनलाइन घेतलेला असेल तर बहुतेक पैसे परत नसतात, फक्त बदलून मिळतो, आणि तोही थोड्याच दिवसांत, त्यामुळे ती मुदत संपेपर्यंत खोका, आतली खोबण, कागद काही टाकू नका, आणि जीएसटी बिलाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, वॉरंटीला तेच मागतात.