गेम अवघड आहे का पीसी अडकायलाय? मत ठरवायच्या आधी काय काय तपासायचं

आपल्या इकडच्या पोरांच्या ग्रुपवर, मग तो नांदेडचा असो, लातूरचा असो का संभाजीनगरचा, नवा गेम आला की दोनच मेसेज फिरतेत, "लई अवघड आहे राव" नायतर "बकवास आहे, डिलीट मारला". नेमकं काय झालं विचारलं तर एकजण म्हणतो बॉस (म्हणजे मोठा, तगडा शत्रू) मरंना, दुसरा म्हणतो कॅमेराच भिंतीत घुसतो, तिसरा म्हणतो ऐन टायमाला स्क्रीन अडकती. ह्या तीन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, डिफिकल्टी, डिझाईन आणि परफॉर्मन्स, आणि तपासताना क्रम उलटा धरा असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. आधी परफॉर्मन्स, मग डिझाईन, डिफिकल्टीवर सगळ्यात शेवटी बोलायचं.

कारण सांगतो. समजा एखाद्या गेममध्ये वार अडवायला २०० मिलीसेकंद मिळतेत. ६० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) येत असताना, तेवढ्या वेळात १२ फ्रेम येतात. मधेच स्क्रीन अडकून १५० मिलीसेकंदाचा एक झटका बसला तर १२ पैकी ९ फ्रेम गेल्या, राहिल्या ३. आता तुमचा हात कितीबी चपळ असू द्या, वार दिसलाच नाही तर अडवणार काय? आणि आपण मात्र गेमला अवघड म्हणून मोकळे होतो.

तर पहिलं काम मोजायचं. स्टीम, म्हणजे जिथून आपण पीसीचे गेम घेतो, त्याच्या सेटिंगमध्येच एफपीएस दाखवायची सोय आहे, पण आणखी नीट बघायचं तर एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्युनर ही सॉफ्टवेअर टाका, त्यात फ्रेमटाईमचा, म्हणजे एकेक फ्रेम यायला किती वेळ लागला त्याचा, ग्राफ चालू करा. सरासरी एफपीएसवर जाऊ नका, सरासरी लई फसवती. ६० एफपीएस म्हणजे दर १६.६ मिलीसेकंदाला एक फ्रेम, ३० म्हणजे ३३.३ ला एक. ग्राफची रेघ सपाट असली की गेम हाताला चांगला लागतो, मग ते ३० का असंना, आणि रेघ सुईसारखी वर-खाली उडत असली तर वर कोपऱ्यात ७० लिहून आलं तरी काही उपयोग नाही. म्हणून ४५ ते ७० मध्ये उड्या मारण्यापेक्षा लॉक लावा, म्हणजे एफपीएस एका आकड्यावर बांधून टाका. साधा ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर असला तर ६० नायतर ३०, मधलं ४० तिथं नीट बसत नाही, पण १२० हर्ट्झचा असला तर ४० झकास बसतं, १४४ ला ४८.

आता झटका कधी बसतो ते बघा, ह्यातच अर्ध्याच्या वर उत्तर असतंय. एखादा स्फोट, एखादी जादू, नवा शत्रू पहिल्यांदा दिसला तेव्हाच अडकलं आणि दुसऱ्यांदा तेच दिसल्यावर अडकलं नाही तर ते शेडरचं काम आहे, गेम त्याच क्षणाला ग्राफिक कार्डासाठी कोड तयार करत असतो. काही गेम हे सुरुवातीलाच करून घेतात, द लास्ट ऑफ अस पार्ट १ मार्च २०२३ ला पीसीवर आला तेव्हा सुरुवातीचं हे शेडर बनवणं लई वेळ चालायचं, पण ते होऊ द्यायचं, मधेच घाई करायची नाही. गर्दीत, बाजारात, शहरात शिरल्यावरच पडत असेल तर प्रोसेसर कमी पडतोय, तिथं शॅडो कमी करून फार फरक पडणार नाही, गर्दीची डेन्सिटी कमी करा. कॅमेरा गर्रकन फिरवला का अडकतंय, नव्या एरियात पाय ठेवला का अडकतंय, तर हार्डडिस्क नायतर व्हीरॅम (ग्राफिक कार्डाची स्वतःची मेमरी) बघा. आणि सगळं व्यवस्थित चालतंय, वीसेक मिनिटं झाली की हळूहळू घसरायला लागतंय, तर ते तापणं आहे.

तापण्यावर जरा जास्त बोलतो कारण आपल्या भागात हेच मोठं दुखणं आहे आणि यूट्यूबवरच्या बहुतेक गाईडमध्ये ते नसतं, त्यांची टेस्टिंग एसीच्या खोलीत होती. परभणीत मे महिन्यात बाहेर ४२-४३ डिग्री असतंय, पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होत असंल ते वेगळं सांगायला नको. खोलीतली हवा जेवढी गरम तेवढी चिप पण वर जाणार, आणि लॅपटॉपचा प्रोसेसर ९५-१०० च्या आसपास गेला की तो स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो. म्हणजे डिसेंबरमध्ये जो गेम ६० ला पळत होता तोच मेमध्ये ४० ला येतो, गेम तोच, सेटिंग तीच. उपाय: एफपीएस लॉक करा, त्यानं कार्डावरचा ताण एकदम उतरतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागची बाजू दोन वह्या घालून उचला. उन्हाळ्याच्या आधी फॅन साफ करून घ्या, आपल्याकडची धूळ जाळीत गादीसारखी बसती. आणि कूलरच्या थेट तोंडासमोर पीसी अजिबात ठेवू नका, कूलरची हवा ओली असती, त्यात पाण्याचे तुषार आले तर कार्ड जाईल. शक्य असलं तर उन्हाळ्यात गेम रात्रीच खेळा.

दुसरी आपली गोष्ट लाईटची. लॅपटॉपवर खेळताना लाईट गेली की गेम बंद पडत नाही म्हणून पोरं तसंच खेळत राहतेत, पण बॅटरीवर ग्राफिक कार्डाला पॉवर कमी मिळती, एफपीएस धाडकन खाली. तेव्हा बॉसशी लढू नका, सेव्ह करा आणि बाजूला ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस पाहिजेच, गावाकडं व्होल्टेज खालीवर होतंय तिथं तर पाहिजेच पाहिजे, गेम सेव्ह होत असतानाच लाईट जाऊन सेव्ह फाईल तुटली तर महिन्याभराचा खेळ गेला.

सेटिंग कमी करायचा क्रम असा ठेवा: शॅडो, धुकं म्हणजे व्हॉल्युमेट्रिक, रिफ्लेक्शन, अँबियंट ऑक्लूजन (कोपऱ्या-फटीतली बारीक सावली), हे चार आधी खाली आणा. टेक्स्चरला (भिंती, कपडे, जमीन ह्यांच्यावरच्या चित्राला) हात लावू नका जोपर्यंत व्हीरॅम पुरतोय, त्यानं एफपीएसवर फार फरक पडत नाही आणि चित्र मात्र घाण दिसतं. मग एफएसआर चालू करा, त्यात गेम कमी रिझोल्यूशनवर बनवून चित्र मोठं करतो, त्याच्या आधीच्या आवृत्त्या जुन्या कार्डावर पण चालतात, तसंच काम करणाऱ्या डीएलएसएसला एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड लागतं. वेगळं कार्डच नसंल तर रॅम बघा, ८ जीबीची एक पट्टी असली तर दुसरी ८ जीबीची टाका, प्रोसेसरमधलं ग्राफिक त्या दोन पट्ट्यांवर लई सुधारतं, १६ ची एकच घेण्यात तो फायदा नाही.

मोबाईलवर बीजीएमआय (पबजीचा भारतातला गेम) खेळणारे पण ह्यात आले. ग्राफिक्स स्मूथ ठेवा, फ्रेम रेट फोन देईल तेवढा वर, कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका. आणि पिंग (नेटवरून सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) वेगळं, फ्रेम वेगळी, हे डोक्यात घ्या. समोरचा इकडून तिकडं एकदम उडी मारल्यासारखा दिसला तर नेटवर्क. तुमची स्वतःची स्क्रीनच थांबली तर फोन. टॉवरला शिव्या देण्याआधी एवढं बघा.

हे सगळं करूनबी अडकतंय, चांगल्या मशीनवरबी अडकतंय, मग गेमचाच दोष आहे आणि तसं ठणकावून सांगा. एल्डन रिंग २०२२ मध्ये आला तेव्हा महागड्या पीसीवरसुद्धा झटके द्यायचा. बॅटमॅन आर्कम नाईट २०१५ मध्ये पीसीवर इतका वाईट आला की जूनमध्ये त्याची विक्रीच थांबवली, ऑक्टोबरमध्ये परत आणला. पैसे देणाऱ्यानं हे सहन करायची काही गरज नाही.

परफॉर्मन्स ठीक आहे? मग डिझाईन. ह्याला मी एकच प्रश्न वापरतो, मेल्यावर लगेच स्वतःला विचारायचं, आत्ता मी का मेलो? उत्तर आलं, "उडी लवकर मारली", "लोभात एक वार जास्त केला", तर गेम तुमच्याशी सरळ वागतोय. उत्तरच येत नसंल, वार कुठून आला कळंना, शत्रू कॅमेऱ्याच्या मागं होता, तर ते डिझाईन कच्चं आहे. सेलेस्ट बघा, २०१८ चा. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मान्य करतो, मेलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत परत उभं करतो. गेम खूप अवघड आहे, पण राग येत नाही, आणि हे कुणीतरी मुद्दाम मेहनत घेऊन केलेलं आहे.

मेल्यावर परत बॉसपर्यंत चालत जायला किती वेळ लागतो ते पण मोजा. डार्क सोल्समध्ये ही पायपीट लई होती, एल्डन रिंगमध्ये त्याच कंपनीनं बऱ्याच बॉसजवळ मरिकाचे खुंट ठोकले, तिथूनच उठता येतं. बॉस सोपे झाले नाहीत, फक्त फुकट जाणारा वेळ वाचला. माझ्या मते पायपिटीला अवघडपणा म्हणूच नये. आपल्या पुण्यात बनलेला राजी, २०२० चा, त्यात कॅमेरा आपल्या हातात नाही. त्यामुळं किल्ले-मंदिरं डोळे भरून दिसतेत, पण उडीचा अंदाज घ्यायला पण तोच कॅमेरा आहे. तिथं चुकलात तर सेटिंग बदलून काही होणार नाही, त्या कॅमेऱ्याची सवयच करावी लागती.

आता डिफिकल्टी. मेनूत हार्ड लिहिलंय म्हणजे नेमकं काय बदलतं ते आधी शोधा. स्कायरिममध्ये लेजेंडरी घेतलं की तुमचा मार पाव होतो आणि तुम्हाला लागणारा तिप्पट होतो, शत्रूचं डोकं मात्र तेवढंच राहतं. हे मला अजिबात पटत नाही, एकाच दरोडेखोराला पाच मिनिटं मारत बसण्यात कसब काय आहे? उलट द लास्ट ऑफ अस पार्ट २ मध्ये शत्रू, साथीदार, सामान, लपणं, स्वतःचा मार, हे सगळं वेगवेगळं ठरवता येतं. शॅडो ऑफ द टॉम्ब रेडरमध्ये लढाई हार्ड ठेवून कोडी सोपी करता येतात. असं प्रत्येक गेममध्ये पाहिजे.

नॉर्मलवर चालू करा, तासाभरानं ठरवा. एक सावध करतो, गॉड ऑफ वॉर २०१८ मध्ये सगळ्यात वरची डिफिकल्टी घेतली की मधे उतरता येत नाही, पूर्ण नव्यानं सुरू करावं लागतं. अडकलात तर एका वेळी एकच गोष्ट बदला, हत्यार नायतर रस्ता नायतर लेव्हल, म्हणजे कशानं फरक पडला ते कळतं. एल्डन रिंगमध्ये डिफिकल्टीचा पर्याय नाही पण दुसरीकडं जाऊन तगडं होऊन येता येतं, मदतीला लढणारे स्पिरिट बोलावता येतेत, ते सगळं गेमनंच दिलेलं आहे, वापरा. हेडीसमध्ये गॉड मोड आहे, सुरुवातीला २० टक्के मार कमी लागतो, दर मरणाला आणखी २ टक्के कमी. ज्याला दिवसभर दुकान, शेत नायतर क्लास सांभाळून रात्री एकच तास मिळतो त्यानं हे बिनधास्त चालू करावं, कुणी हसलं तर हसू द्या.

आणि हे सगळं करायला स्टीमवर मुदत आहे, विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असलं तर पैसे परत मिळतात. गेम उघडून शेडर बनत बसला तो वेळ पण त्या दोन तासात धरला जातो. म्हणून सुरुवातीची गोष्ट, व्हिडिओ सगळं पळवा, मोकळ्या एरियात जा, एक लढाई करा, ग्राफ बघा, गोष्ट नंतर परत नव्यानं बघता येती.

ग्रुपवर मत टाकताना मशीन, रिझोल्यूशन, सेटिंग, डिफिकल्टी आणि कुठल्या पॅचवर (कंपनीनं नंतर दिलेल्या दुरुस्तीवर) खेळलात एवढं लिहा, कारण गेम बदलत राहतात, सिल्कसाँग सप्टेंबर २०२५ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत पॅचनं सुरुवातीचे दोन बॉस जरा सोपे झाले, तर आधीचं आणि नंतरचं मत एक धरता येत नाही. साधारण असं लिहा: "१६ जीबी रॅम, ६ जीबीचं कार्ड, १०८० पी मीडियम, ६० ला लॉक, दुपारी ५० पर्यंत पडतो, रात्री पडत नाही. नॉर्मलवर खेळलो. तिसरा बॉस अवघड पण वार दिसतो, चौथ्याला कॅमेरा अडतो, सेव्ह पॉइंट लांब आहे. पहिल्या पॅचनंतरचं मत."